विंचू चावल्यावर हात गार पडतात तेव्हा

विंचू चावलेल्या माणसाजवळ गेलात की दंशाची जागा नंतर बघा. आधी त्याचा हात हातात घ्या. तो ठणक्याने ओरडत असेल, पण हात गरम आणि कोरडा असेल, तर बहुधा निभावलं. उलट तो शांत पडलेला, दरदरून घाम सुटलेला आणि हात मांजराच्या नाकासारखा गार लागला, तर गाडी काढा. कोकणात अजूनही बऱ्याच घरांत हे उलटं समजलं जातं. ओरडणाऱ्याभोवती गर्दी जमते आणि गप्प पडलेल्याला ‘बरं वाटायला लागलं’ म्हणतात.

लाल विंचवाचं विष जीव घेतं ते रक्तवाहिन्या आवळून. त्यामुळे घरातली तपासणी असो की आरोग्य केंद्रातला उपचार, सगळं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: रक्तवाहिन्या आवळलेल्या आहेत की सैल?

हात कसा बघायचा

उजेडात बसवा किंवा आडवं करा. आपल्या बोटांची मागची बाजू रुग्णाच्या बोटांना लावा, कारण तापमानातला फरक तळव्यापेक्षा तिथे चांगला कळतो. मग मनगट, कोपर, दंड असं वर सरकत जा. गारवा कुठे संपतो ते लक्षात ठेवा आणि वेळेसकट कागदावर लिहा: ‘९.४०, मनगटापर्यंत गार’. अर्ध्या तासाने गारवा कोपरापर्यंत चढला असेल, तर आजार वाढतोय. पायाचंही तसंच, अंगठ्यापासून गुडघ्याकडे.

मे महिन्यात किनाऱ्यावर घाम सगळ्यांनाच येतो आणि दमट हवेत तो वाळत नाही, म्हणून नुसत्या घामावर जाऊ नका. उकाड्याने घामेजलेला हात गरम असतो. विंचवाच्या विषाचा घाम थंडगार असतो आणि अंगावरचा सदरा पिळता येईल इतका. शंका आली तर शेजारी बसलेल्या धडधाकट माणसाचा हात दुसऱ्या हाताने धरून बघा, फरक लगेच कळेल.

आता नख. रुग्णाच्या बोटाचं नख पाच सेकंद दाबून पांढरं करा, सोडा, आणि घड्याळाच्या सेकंदकाट्यावर गुलाबी रंग परतायला किती वेळ लागतो ते मोजा. दोन सेकंदांच्या आत परतला तर ठीक. तीन-चार सेकंद लागले तर बारीक वाहिन्यांपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही. नखाला रंग किंवा मेंदी असेल तर बोटाचं टोक दाबा. लहान मुलाची टाच चालेल.

तिसरी खूण शिरांची. हात खाटेवरून खाली लोंबकळत सोडा. शेतात राबणाऱ्या माणसाच्या हाताच्या मागच्या शिरा अशा वेळी दोरखंडासारख्या उठतात. त्या दिसेनाशा झाल्या असतील, तर शिराही आवळल्या आहेत. गुबगुबीत बाळात ही खूण कामाची नाही, तिथे गारवा आणि नखावरच भिस्त ठेवा.

यासोबत उलट्या, लाळ गळणं, पुरुष रुग्णांत लिंगाला विनाकारण ताठरपणा, आणि सुरुवातीला मंद पण पुढे जलद होत जाणारी नाडी, यांपैकी काहीही दिसलं तर विष अंगात भिनलं आहे असं धरा. जागेवर सूज नाही, लाली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. लाल विंचवाचा डंख कित्येकदा दिसतसुद्धा नाही. बोटाने त्या जागेवर हलकी टिचकी मारली की रुग्ण झटकन अंग काढून घेतो, तेवढ्यावरून जागा सापडते.

आत काय चाललेलं असतं

विषातली प्रथिनं मज्जातंतूंच्या टोकांवरच्या सोडियमच्या वाहिका, म्हणजे सोडियम आत घेणारी बारीक दारं, उघडीच ठेवतात. तंतू संदेश सोडत राहतात, थांबायचं नाव घेत नाहीत. पहिल्या टप्प्यात उलट्या, लाळ, घाम, मंद नाडी. हा टप्पा थोडक्यात आटोपतो. मग ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन या ताणाच्या संप्रेरकांचा लोंढा येतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंवर अल्फा नावाची ग्राहक ठिकाणं असतात. त्यांना नॉरॲड्रेनालिन भिडलं की वाहिनी आवळते.

आवळणं थोडं असलं तरी परिणाम थोडा नसतो, कारण वाहिनीतून जाणारं रक्त तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतं. दाब तोच ठेवून त्रिज्या २० टक्क्यांनी घटली, तर प्रवाह ४१ टक्क्यांवर येतो (०.८ चा चौथा घात). त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा उरतो. म्हणून बोटं इतक्या झपाट्याने गार पडतात.

या विषात आणखी एक खुबी आहे. वाहिनी फार आवळू नये म्हणून तिच्या स्नायूत पोटॅशियमच्या मोठ्या वाहिका ब्रेकसारखं काम करतात. भारतीय लाल विंचवाच्या विषातून १९९० मध्ये वेगळं काढलेलं आयबेरिओटॉक्सिन नेमका हाच ब्रेक बंद पाडतं. रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत ते आज नेहमीचं हत्यार आहे. आपल्या गडग्यातला विंचू तिथे बाटलीत पोचलाय म्हणायचा.

पोफळीच्या बागेतला पाट डोळ्यांसमोर आणा. आळ्यांकडे जाणारी सगळी तोंडं चिखलाने बुजवली आणि वरून पाणी सोडत राहिलं, तर पाणी वरच तुंबतं आणि बांध फोडतं. इथे हृदय वरून रक्त सोडत राहतं, पुढची तोंडं बंद असतात. त्यात शिराही आवळल्यामुळे हातापायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. डाव्या हृदयाला ओझं पेलत नाही, रक्त फुप्फुसांत साचतं, आणि माणूस बसून धापा टाकू लागतो, गुलाबी फेसाळ थुंकी येते. रक्तदाब आधी खूप चढतो, आणि हृदय थकलं की कोसळतो.

हे ज्यांनी जुळवलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे येणाऱ्या रुग्णांत कोणती लक्षणं कोणत्या क्रमाने येतात याच्या त्यांच्या नोंदी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. रक्तवाहिन्या आवळल्या आहेत तर त्या सैल करू, हा सरळ हिशेब त्यांनी मांडला आणि रक्तदाबावरचं प्रॅझोसिन हे स्वस्त औषध वापरलं. ते अल्फा ठिकाणं अडवतं. त्यावरचा निबंध १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आला. विष भिनलेल्या रुग्णांत शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, ते प्रमाण एक-दोनवर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या मते त्या कामाची खरी थोरवी ही की त्याला यंत्र लागत नाही. हात, घड्याळ आणि गोळी पुरते.

घरात पहिला अर्धा तास

रुग्णाला आडवं करा, चालवू नका. विंचू शोधत बसू नका. विळा-कोयता घेऊन पडवीभर विंचू धुंडाळण्यात अर्धा तास जातो आणि दुसऱ्यालाही डंख बसतो. पट्टी करकचून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही करू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून दंशावर ठेवा, दहा मिनिटं ठेवून काढत चला. ठणक्यावर पॅरासिटामॉल चालते: मोठ्यांना ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, मुलांना वजनाप्रमाणे, दर किलोला १५ मिलिग्रॅम.

रुग्ण शुद्धीत असेल आणि उलट्या थांबल्या असतील, तर घोट घोट पाणी द्या. एका लिटरमध्ये एक पुडी मिसळलेलं ओआरएस असेल तर उत्तम, नाहीतर मीठ घातलेली पेज. हे नुसतं तहान भागवायला नाही. घाम आणि उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असताना पुढे वाहिन्या सैल करणारं औषध दिलं, तर रक्तदाब घसरतो. गुंगी असेल तर मात्र तोंडातून काही देऊ नका.

मांत्रिकाकडे नेऊ नका, हे सांगताना त्याचा पडताळा का येतो तेही सांगायला हवं. बहुतेक दंश काळ्या जाड नांग्यांच्या विंचवाचे किंवा कमी विषाचे असतात आणि त्यांचा ठणका काही तासांत आपोआप उतरतो. मंत्र टाकला की उतरला असं वाटतं. ज्यांचा नाही उतरत ते त्याच्या हिशेबात धरले जात नाहीत.

विंचू सहज दिसलाच तर नांग्या बघा. खेकड्यासारख्या जाडजूड नांग्या आणि काळा रंग असेल तर विष बहुधा सौम्य. इंगळी म्हणतात ती हीच. शेपटीसकट ५ ते ९ सेंटिमीटर लांब, तांबूस किंवा नारिंगी-तपकिरी अंग आणि सडपातळ नांग्या असतील, तर तो लाल विंचू. मोठा विंचू भयानक दिसतो, धोका मात्र छोट्या लालचा जास्त.

लहान मुलाला लाल विंचू चावला असेल, तर लक्षणं नसली तरी आरोग्य केंद्रात न्या आणि २४ तास नजरेखाली ठेवा. फुप्फुसात पाणी भरणं अर्ध्या तासातही होऊ शकतं आणि काही तासांनीही. रात्रीची वेळ, घाट, बंद पडलेली जीप, सगळं गृहीत धरून १०८ ला आधी फोन लावा आणि वाट बघतानाच घड्याळ-कागद सुरू करा.

आरोग्य केंद्रात

हा भाग नव्याने रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी आणि परिचारिकांसाठी. घरात वाचणाऱ्यांनी गोळी स्वतः देऊ नये.

पहिल्या पाच मिनिटांत नाडी, रक्तदाब, श्वास, ऑक्सिजनचं प्रमाण, तापमान, आणि वर सांगितलेल्या तीन खुणा नोंदवा. मुलाच्या दंडाला रक्तदाबाचा मोठ्यांचा पट्टा गुंडाळू नका. पट्ट्यातल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्क्यांजवळ हवी. फुगा रुंद असला की दाब खोटाच कमी दिसतो आणि चढलेला दाब नजरेतून सुटतो. बोटं गार असतील तेव्हा बोटावरचं ऑक्सिमीटर आकडा घेत नाही. तो कानाच्या पाळीला लावा, किंवा आकडा येत नाही हीच खूण समजा. ईसीजीत टी लहर टोकदार उंच झालेली दिसली तर हृदयाच्या स्नायूलाही झळ बसली आहे.

ठणका फार असेल आणि हातपाय गरम असतील, तर दंश झालेल्या बोटाच्या मुळाशी २ टक्क्यांचं लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध), ॲड्रेनालिन नसलेलं. बोटात ॲड्रेनालिनवालं टोचलं तर बोटातल्या वाहिन्या आवळतील. बाटलीवरचं लेबल दोनदा वाचा, दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात.

विष भिनल्याच्या खुणा दिसल्या की साधं प्रॅझोसिन तोंडातून. बावस्करांच्या महाडच्या अभ्यासात वापरलेली मात्रा: १८ वर्षांखाली २५० मायक्रोग्रॅम, मोठ्यांना ५०० मायक्रोग्रॅम, दर तीन तासांनी, हातपाय गरम आणि कोरडे होऊन शिरा दिसू लागेपर्यंत. वजनाप्रमाणे द्यायचं तर मुलांसाठी दर किलोला ३० मायक्रोग्रॅम असा हिशेब छापलेला आढळतो. आपल्या केंद्रात जो नियम असेल तो एकच धरा, दोन्ही मिसळू नका. १ मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. चूक इथेच होते: ‘०.२५’चा टिंब पुसट छापला गेला की कोणी भलताच आकडा वाचतो. कागदावर ‘पाव गोळी’ असंही शब्दांत लिहा. दुकानात सहज मिळणाऱ्या, हळूहळू विरघळणाऱ्या २.५ आणि ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या इथे चालत नाहीत. त्या मोडल्या तर औषध एकदम सुटतं, अख्ख्या दिल्या तर वेळेत काम करत नाहीत. म्हणून साध्या १ मिलिग्रॅमच्या गोळ्या मार्चमध्येच मागवून ठेवा.

गोळी चुरून चमचाभर साखरपाण्यात द्या. गोळी दिल्यानंतर तीन तास रुग्ण सपाट आडवा. पहिल्या मात्रेनंतर उभं केलं तर रक्त पायांत उतरतं आणि भोवळ येते. मुलाच्या आईला हे सांगा आणि बजावून सांगा, कारण रडणाऱ्या लेकराला उचलून खांद्यावर टाकणं हे तिच्या हातून नकळत होतं. तिला खाटेवर शेजारी झोपायला सांगा, म्हणजे उचलायची गरज पडणार नाही. नुसता ठणका असेल आणि हातपाय गरम असतील, तर ‘पुढे काही होऊ नये’ म्हणून प्रॅझोसिन देऊ नका. सैल वाहिन्यांना आणखी सैल करून फायदा नाही.

नोंदी: पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे सहा तास दर तासाने, नंतर दर चार तासांनी. तक्त्यात ‘गारवा कुठपर्यंत’ हा रकाना असू द्या. रक्तदाबाआधी तो सुधारलेला दिसतो. घसरलेला दाब पाहून घाबरून सलाईन धो धो सोडू नका. हात गार आणि छातीत बुडबुड आवाज असेल, तर फुप्फुसांत आधीच पाणी आहे. ऑक्सिजन द्या, डोकं उंच करा आणि मोठ्या रुग्णालयात हलवा. तिथे डोब्युटामिन, नायट्रोग्लिसरिन आणि श्वासाला आधार लागतो. रस्त्यात रुग्णवाहिकेत हलवताना नोंदीचा तक्ता सोबत द्या, पहिली मात्रा किती वाजता दिली हे त्यावर ठळक हवं.

विंचवाची प्रतिविषाची लस असेल तर ती प्रॅझोसिनसोबत द्या. मुंबईच्या हाफकिनने ती बनवली आहे. ७० रुग्णांच्या महाडच्या अभ्यासात, २०११ मध्ये ‘बीएमजे’ (ब्रिटिश मेडिकल जर्नल) मध्ये आलेल्या, दोन्ही एकत्र दिलेल्यांपैकी ९१.४ टक्के दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसतं प्रॅझोसिन घेतलेल्यांपैकी २२.९ टक्के. लस नाही म्हणून प्रॅझोसिन मात्र लांबवू नका. लस देताना ॲलर्जीची प्रतिक्रिया येऊ शकते, ॲड्रेनालिन भरून तयार ठेवा.

काय टाळायचं याचीही कारणं त्याच वाहिन्यांत आहेत. लाळ आणि मंद नाडी पाहून ॲट्रोपिन देण्याचा मोह होतो. पण तो टप्पा आपोआप सरतो, आणि ॲट्रोपिनने नाडी वाढून पुढचं वादळ वाढतं. स्टेरॉईड ॲड्रेनालिनचा जोर वाढवतात. ॲलर्जीची इंजेक्शनं इथे उपयोगाची नाहीत, कारण हे ॲलर्जीचं दुखणं नव्हे. नाडी जलद म्हणून प्रोप्रानोलॉलसारखं बीटा-रोधक दिलं, तर वाहिन्या सैल करणारी बीटा नावाची ग्राहक ठिकाणं बंद होतात आणि अल्फाला मोकळं रान मिळतं. गारवा आणखी वर चढतो.

घर

आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं आणि भातकापणीनंतरचे दिवस, असे दोन हंगाम धोक्याचे. शाकारणीला कौलं परतताना हात वाशांच्या आणि रिपांच्या फटींत जातात. पाऊस सुरू व्हायच्या आत लाकूडफाटा मांगरात भरताना मोळी उचलली जाते. कातडी हातमोजे नसतील तर निदान जाड गोणपाट हाताला गुंडाळा, आणि मोळी आधी काठीने पाडून मग उचला. जांभ्याच्या चिऱ्यांची रास, शेणींचा ढीग, पेंढ्याची उडवी घराच्या भिंतीला टेकवू नका, हातभर जागा मोकळी ठेवा. आंब्याच्या रिकाम्या पेट्या पेंढ्यासकट पडवीत रचून ठेवण्याची सवय तर मोडायलाच हवी.

अंथरूण खाटेवर, खाट भिंतीपासून सुटी, चादर जमिनीला न टेकलेली. चप्पल-बूट घालण्याआधी आपटा, दोरीवरचा टॉवेल झटका. अतिनील प्रकाशाचा खिशातला टॉर्च ऑनलाइन मिळतो. अंधारात त्याच्या उजेडात विंचवाचं अंग हिरवट-निळं चमकतं. जेवणं झाल्यावर दिवे मालवून पडवी, न्हाणीघर आणि चुलीमागचा कोपरा त्याने एकदा फिरवून बघा. दिसला तर लांब चिमट्याने धरून, झाकणाच्या बरणीत.